लग्नाचा रकाना

टीपकागदावर छत्तीसचा आकडा सुलटा उमटला होता. बाकी सगळं उलटं — नावं उलटी, रुपये-आणे उलटे, महिन्याचं नाव शेपटीकडून सुरू झालेलं — आणि मध्येच हा छत्तीस, कुणी वरून मुद्दाम लिहून ठेवल्यासारखा सरळ. नृसिंहनं टीपकागद उचलून उजेडाकडे धरला. असं कसं होईल? मग त्याच्या ध्यानात आलं, की तीन उलटा झाला की सहा होतो, सहा उलटा झाला की तीन, आणि दोघं जागाही बदलतात, म्हणून... म्हणजे आरशात पाहिलं तरी छत्तीस तो छत्तीसच. त्याला हसू आलं. आणि हसू आल्यावर हेही लक्षात आलं, की सकाळपासून समोर पडलेल्या कागदावर आपण एक अक्षर काढलेलं नाही, टीपकागद वाचत बसलो आहोत.

कागद पगाराचा होता. एप्रिल संपत आला होता, सोमवारी पगार वाटायचा, आणि मालक गणपतराव आज, शनिवारी, दुपारनंतर खासबागेत कुस्त्यांना जाणार म्हणून त्याआधी त्यांची सही व्हायला हवी होती. ऑइल इंजिनांच्या या कारखान्यात नृसिंह खासनीस सात वर्षं हिशेब पाहत होता. कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम, उचल हे सगळं त्याच्या हाताला पाठ होतं; हात लिहीत असे आणि तो खिडकीतून उद्यमनगराच्या पत्र्यांकडे, भट्टीच्या धुराकडे बघत असे. गाडं अडलं होतं ते पगारातून कापायच्या आयकराशी. कर लागायचा तो महिना साडेतीनशेच्या वर पगार असलेल्यांना, आणि तशी माणसं कारखान्यात थोडी — वर्क्स मॅनेजर अंबादासपंत, ओतशाळेचा मिस्त्री पिराजी, ड्रॉइंग ऑफिसातला नवा इंजिनिअर. आणि या एप्रिलपासून, मालकांनी न मागता पगार वाढवल्यामुळं, तो स्वतः. हिशेब तसा अवघड नव्हता, विचित्र होता. वर्ष नुकतं सुरू झालेलं असताना माणूस वर्षभरात काय मिळवील ते आजच धरून चालायचं, त्यातून सूट वजा करायची, विम्याचा हप्ता बघायचा, उरलेल्यावर रुपयाला नऊ पै, मग पावणेदोन आणे अशी आकारणी करायची, आणि येईल त्या रकमेचे बारा भाग पाडून एकेक भाग दर महिन्याला कापत राहायचा. अजून जगायच्या महिन्यांचा कर... आणि माणूस श्रावणात बिनपगारी घरी बसला तर? नोकरीच सोडून गेला तर? तर पुढच्या महिन्यांत कमीजास्त करून घ्यावं, असं वकिलांनी समजावलं होतं. चुकलेलं पुढच्या महिन्यांत कमीजास्त करून घेता येतं, ही या सगळ्या कायद्यातली त्याला मनापासून आवडलेली गोष्ट.

यंदा मात्र दर दोन झाले होते. लग्न झालेल्याचा एक, न झालेल्याचा एक. विवाहिताच्या पहिल्या दोन हजारांना कर नाही. अविवाहिताला ही सवलत फक्त हजाराची. म्हणून काल संध्याकाळी नृसिंहनं पट्टी धरून नावांच्या पुढं एक अरुंद रकाना पाडला होता, आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'वि./अवि.' लिहिताना काही वाटलं नव्हतं. एक रेघ मारली, झालं. रात्री खानावळीत जेवताना मात्र, धोंडुबाई आमटी वाढत होत्या आणि त्याचा हात पानावर आडवा धरलेला तसाच राहिला — पुरे म्हणायला धरलेला हात, आणि तोंडातून पुरे निघेना. धोंडुबाई म्हणाल्या, वाढू का नको ते एकदा बोला की. त्याला ते सांगता आलं नाही.

इंजिनिअरचं सोपं झालं. तो अविवाहित होता, वैशाखात त्याचं लग्न होतं, आणि लग्नानंतर कर कमी होईल का हे विचारताना तो कानापर्यंत लाल झाला होता. पिराजीला विचारायला नृसिंह ओतशाळेत गेला तेव्हा काळ्या वाळूत साचे बसवून झाले होते आणि पिराजी एका साच्याच्या कडेला बसून सुपारी कातरत होता. बोलायचं ते नृसिंहनं वाटेत जुळवून ठेवलं होतं; तरी प्रत्यक्षात, सरकारचं असं आहे, मला विचारावं लागतंय, राग मानू नका, असं काहीबाही आधी बोलून मग त्यानं विचारलं.

"लगीन झालंय का?" पिराजीनं अडकित्ता थांबवला. "नरसिंगराव, दोन हायती की."

मग त्यानंच सांगितलं. पहिली शालू. तिला मूल होईना, तेव्हा तिनंच आपल्या मामाची लेक चिमणा बघून आणली. त्या वेळी तसं चालत होतं, कायदा मागनं आला. आता चिमणाची तिन्ही पोरं शालूजवळ झोपतात आणि चिमणा म्हशीचं बघते. दोघींचे मिळून चार हजार सोडतात का, असं पिराजीनं विचारलं. एकदाच, असं नृसिंहनं सांगितल्यावर त्यानं अडकित्ता पुन्हा चालवला.

"मग कुणाच्या नावानं सोडल्यात तेवढं कागदावर लिवू नका," तो म्हणाला. "घरात भांडान नगं."

नृसिंह हसला आणि परत निघाला. पण आवारात, तपासणीला लावलेल्या इंजिनाच्या फटफटीशेजारी, त्याचं हसू कुठं गेलं ते त्याला कळलं नाही. या माणसाला विचारलं आणि त्यानं सांगितलं. एवढंच. दोन असतील, तीन असतील, त्यात कायदा असेल, नसेल, पण विचारलं तर सांगता येईल असं काहीतरी त्या माणसापाशी होतं. घरी गेल्यावर कोण कुठं झोपतं, म्हशीचं कोण बघतं... आणि मला कुणी विचारलं तर? मला कुणी विचारणार नाही. विचारणारा मीच आहे. चौघांपैकी तिघांना मी विचारायचं, आणि चौथ्याला —

आधी तिसरा. अंबादासपंतांना तो विचारू शकत नव्हता. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. कालिंदीबाई. बत्तीस वर्षांचा संसार. अजून ते बोलता बोलता 'आमच्याकडे हिंग जास्त लागतो' असं म्हणत आणि 'आमच्याकडे' हा शब्द संपल्यावर क्षणभर थांबत. त्यांच्यापुढं जाऊन, पंत, तुम्ही विवाहित की अविवाहित, असं कोणत्या तोंडानं विचारायचं? त्यापेक्षा त्यानं मालकांच्या खोलीत जाऊन राजारामपुरीतल्या वकिलांना फोन लावला. वकिलांनी थोडा विचार करून सांगितलं, विवाहित म्हणजे ज्याला आज बायको आहे तो. विधुर त्यात बसेल असं त्यांना तरी वाटत नव्हतं. सध्या अविवाहित धरून कापा, ते चौकशी करून कळवतील.

नृसिंहनं 'बरं' म्हटलं. रिसीव्हर खाली ठेवायचा तर ठेवला नाही.

"आणि समजा," तो म्हणाला, "एखाद्याची बायको माहेरी असेल. बरीच वर्षं."

"काडीमोड झालाय?"

"नाही."

"जिवंत आहे ना?"

नृसिंहनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे असायला हवी. वाईट बातमी आल्याशिवाय राहिली नसती, आली नव्हती, अर्थात... "हो," तो म्हणाला.

"मग विवाहित. यात विचारण्यासारखं काय आहे?"

फोन ठेवल्यावर तो मालकांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला. एखाद्याची, असं आपण म्हणालो. एखादा. वकिलांना त्या एखाद्याबद्दल काडीचा संशय आला नव्हता. त्यांच्या दृष्टीनं हा प्रश्न मिटला होता. आठ वर्षं जो प्रश्न प्रश्न म्हणूनसुद्धा नीट उभा राहत नव्हता, तो त्यांनी दोन प्रश्नांत निकालात काढला, आणि तरी नृसिंहला सुटल्यासारखं वाटेना. उलट कुणीतरी चुकीच्या माणसाचा पत्ता आपल्याला खात्रीनं सांगितला आहे आणि आता त्या पत्त्यावर जाणं भाग आहे, असं काहीतरी वाटू लागलं.

तो खोटं बोलला नव्हता. हे तो स्वतःला नेहमी सांगे. सात वर्षांपूर्वी सांगलीहून इथं आला तेव्हा गणपतरावांनी विचारलं होतं, घरात कोण कोण? आणि तो म्हणाला होता, एकटाच आहे. खरंच होतं ते. राजारामपुरीत एक खोली, खोलीत एक खाट, एक तांब्या. पुढं त्या 'एकटाच'मध्ये लोकांनी आपापलं भरलं, त्यानं फक्त खोडलं नाही. विमला हे बायकोचं नाव कोल्हापुरात कुणी ऐकलेलं नव्हतं. कधीकधी त्याला वाटे, आपणही ते पूर्वी कुठंतरी ऐकलेलंच आहे, उच्चारलेलं नाही.

आणि मग गेल्या वर्षीपासून रविवार सुरू झाले. अंबादासपंतांची भाची नंदिनी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि मामी गेल्यापासून मामांचं घर सांभाळायची. एका रविवारी पंतांनी त्याला जेवायला नेलं, मग दुसऱ्या, मग ते ठरूनच गेलं. नंदिनीनं तिशी ओलांडली होती. ती कमी बोलायची असं नाही, शाळेतलं खूप सांगायची. पण सांगताना त्याच्याकडे न बघता पंतांकडे बघायची, आणि वाढताना मात्र पंतांकडे न बघता त्याच्या पानाकडे. त्याला ती आवडत होती का? त्याला रविवार आवडत होता. घरात आलेल्या माणसासाठी कुणीतरी दिवा पुढं सरकवतं, ते आवडत होतं. याला काय म्हणायचं ते त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर दुसरंही विचारावं लागलं असतं. गेल्या रविवारी तो चपला घालत असताना पंत दाराशी येऊन म्हणाले, मे महिन्यात त्यांची बहीण, नंदिनीची आई, गडहिंग्लजहून येणार आहे, तेव्हा नृसिंहनं एकदा जरूर यावं. आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. तो म्हणाला, येईन की. म्हणजे काय म्हणालो मी? येईन म्हणालो. एवढंच म्हणालो ना?

दुपारचे उन्हाचे पट्टे टेबलावर आले. त्यानं पिराजीच्या पुढं 'वि.' लिहिलं, इंजिनिअरच्या पुढं 'अवि.', आणि अंबादासपंतांच्या पुढं पेन टेकवून, उचलून, पुन्हा टेकवून 'अवि.' लिहिलं. मग स्वतःचं नाव. शिसपेन्सिल घेतली. 'अवि.' धरून हिशेब केला. खोडला. 'वि.' धरून केला. महिन्याला चार रुपयांच्या आतबाहेर फरक पडत होता. विवाहित म्हणून त्याचे चार रुपये वाचत होते — बायको आहे, तिचा खर्च आहे, म्हणून सरकार ते सोडणार. तिचा खर्च. आठ वर्षांत त्यानं तिला एक पैसुद्धा पाठवली नव्हती. कुठल्या नावानं पाठवायची? मनिऑर्डरीच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा असते, त्यात काय लिहायचं? म्हणजे 'वि.' लिहिलं तर ते कायद्यानं खरं आणि तरी चोरी, आणि 'अवि.' लिहिलं तर महिन्याला चार रुपये जास्त भरून, प्रामाणिकपणे, एक खोटं. आणि या कागदावर मालकांची सही होणार, नंतर तो अंबादासपंतांकडे जाणार, कारखान्याच्या बाजूनं त्यांची सही लागते म्हणून. त्यानं पुन्हा खोडलं. कागदाला लव उठली. खोडलेल्या जागी आता शाई फुटेल, त्याला वाटलं, आणि ही एक खरीखुरी, धरता येण्यासारखी काळजी मिळाल्यामुळं तो थोडा वेळ तिलाच धरून बसला.

जयसिंगपूर... त्या दुपारीही असंच ऊन होतं. चैत्र होता. दिवाळीला म्हणून माहेरी गेलेली विमला परत आली नव्हती. तिचे वडील तिथल्या शाळेत मास्तर, त्यांची पत्रं येत — प्रकृती जरा नरम आहे, थंडी सरली की पाठवतो, संक्रांत झाली की पाठवतो. भांडण झालं नव्हतं. ही गोष्ट लोकांना सांगताच आली नसती, कारण भांडण झालं नव्हतं. सांगलीतल्या त्या खोलीत दोन वर्षं ती होती, तिला दिवा विझवलेला आवडत नसे, आणि तो म्हणे रॉकेल जळतं; मग ती दिवा विझवी आणि अंधारात बसून राही, झोपत नसे. एवढंच. याला भांडण म्हणतात? तर तो तिला आणायला गेला. मास्तरांनी बैठकीत बसवलं, पाणी दिलं, उसाचा भाव, स्वराज्य कधी येतं, असं बराच वेळ बोलत राहिले, विमलाचा विषय त्यांनी काढला नाही आणि त्यानंही काढला नाही, कारण काढायचा कसा? आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यातून एक ट्रंक दिसत होती आणि ट्रंकेवर सुतळीनं बांधलेली वळकटी. ती तिची होती का? निघायच्या तयारीनं बांधलेली? की घरात अशा ट्रंका असतात, वळकट्या असतात, त्या तिथंच ठेवायची त्यांची पद्धत? मग ती चहा घेऊन आली. उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणाली, "उशीर झाला. गाडीची वेळ झाली."

उशीर झाला. तुम्हाला यायला उशीर झाला? आता निघायला उशीर होतोय? गाडीची वेळ झाली — म्हणजे जा? की चला? तिच्या चेहऱ्याकडे त्यानं बघितलं होतं, नक्की बघितलं होतं, पण आठवताना तिथं चहाची कपबशीच आठवे, बशीत थोडा सांडलेला चहा. त्यानं चहा घेतला. म्हणाला, "हो, निघायला हवं." उठला. चपला घातल्या. मास्तर दिनदर्शिकेकडे बघत होते. तो थोडा वेळ दारात उभा राहिला, किती वेळ ते त्याला कधीच ठरवता आलं नाही, आणि मग स्टेशनवर गेला आणि मिरजेच्या गाडीत बसला. त्यानंतर मास्तरांचं पत्र आलं नाही. त्यानंही लिहिलं नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरची नोकरी मिळाली...

"खासनीस! कागुद झाला का?"

गणपतराव दारात उभे होते, डोक्याला फेटा, हातात घड्याळ बांधायचं राहिलेलं. नृसिंहनं 'झाला' म्हटलं आणि म्हणता म्हणता लव उठलेल्या जागी पेन टेकवलं. 'वि.' शाई फुटली नाही. का लिहिलं? खरं म्हणून? वकिलांनी सांगितलं म्हणून? की चार रुपयांसाठी? की 'वि.' हे 'अवि.'पेक्षा एका अक्षरानं कमी आहे आणि मालक दारात घाईत उभे होते, म्हणून? नंतर त्यानं पुष्कळ उलगडून पाहिलं, त्याला कारण सापडलं नाही. गणपतरावांनी टेबलावर वाकून, सगळं बराबर हाय न्हवं एवढं विचारून, न वाचता सही ठोकली आणि मनगटावर घड्याळ बांधत बाहेर गेले. आवारात त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नृसिंह उभाच होता. सांगायला त्यानं केवढी वाक्यं गोळा केली होती. एकही लागलं नव्हतं. आणि गंमत अशी, की त्याला किंचित अपमान झाल्यासारखं वाटलं.

अंबादासपंत भोंगा झाल्यावर आले. हात धुऊन आले होते, तरी बोटांच्या पेरांत ग्रीस होतं. शनिवारी ते सही करायला आले की खुर्ची ओढून बसत, चष्मा पुसत, एकेक ओळ वाचत. तेच त्यांनी आजही केलं. नृसिंह कपाटाकडे तोंड करून कपाटातल्या फायली सारख्या करत राहिला. पानावरून बोट सरकल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. तो थांबला.

"म्हणजे माझं लग्न झालेलं नाही," अंबादासपंत म्हणाले, "आणि तुमचं झालंय."

नृसिंह वळला. पंतांच्या आवाजात राग नव्हता. हिशेबातली एखादी बेरीज मोठ्यानं वाचून बघावी तसं ते बोलले होते. तो म्हणाला, वकिलांनी तसं सांगितलं. आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे उत्तर अर्ध्याच वाक्याचं आहे.

"कुठं?"

"जयसिंगपूरला."

"मूलबाळ?"

त्यानं मान हलवली. पंतांनी चष्मा काढला आणि कागदावर उलटा ठेवला. बाहेर कामगार सायकली काढत होते, त्यांचे आवाज येत होते. वर्षभर हे सांगावंसं वाटलं नाही का, असं त्यांनी विचारलं, आणि नृसिंहला कितीतरी उत्तरं सुचली; त्यातलं एकच खरं होतं आणि तेच सगळ्यांत पोकळ वाटत होतं.

"काय सांगायचं ते कळत नव्हतं," तो म्हणाला.

पंतांनी मान डोलावली, जणू हे त्यांना समजण्यासारखं होतं. किंवा समजत नाही हे दाखवायचं नव्हतं म्हणून. त्यांनी चष्मा घातला, आपल्या नावापुढचं ते 'अवि.' पुन्हा एकदा पाहिलं, आणि सही केली. सहीवर टीपकागद दाबताना ते म्हणाले, ही असती तर हसली असती. नृसिंहला कळलं नाही, की हे त्याच्याशी होतं का. मग ते उठले. खुर्ची होती तिथं ठेवली.

"उद्या या," ते म्हणाले. "नंदिनीला मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

"काय सांगू?"

हा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता. पंत दारात थांबले, पण वळले नाहीत. ते त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

राजारामपुरीच्या रस्त्यानं नृसिंह चालू लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. कुस्त्या सुटायच्या होत्या, दुकानांपुढं पाणी मारलं होतं, शिंप्याच्या दुकानातून मशीनचा आवाज येत होता. आपल्याला हलकं वाटतंय का? त्यानं तपासलं. नाही. भीती वाटतेय का? तशीही नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं आणि काय घ्यायला आलो ते आठवू नये, तसं काहीसं होत होतं. उद्या. नंदिनी दाराशी येईल, आत वळेल, पंत बहुधा मुद्दाम कुठंतरी जातील, आणि तो म्हणेल... त्यानं वाक्य जुळवायला घेतलं. उशीर झाला, गाडीची वेळ झाली. नाही, हे नाही. हे तर तिचं वाक्य. तिचं वाक्य आपण इतकं घोटलं आहे, की तोंड उघडलं की तेच येतं. आणि मी काय म्हणालो होतो? निघायला हवं.

तो पानपट्टीच्या दुकानापाशी थांबला.

निघायला हवं. कुणाला? मला? आपल्याला? मी 'मला' म्हणालो नव्हतो. 'चल'ही म्हणालो नव्हतो. तिच्या वाक्याचे दोन अर्थ आठ वर्षं तोलले, एकदा हे पारडं खाली, एकदा ते; आणि आपलं स्वतःचं वाक्य त्या तागडीत कधी घातलंच नाही, कारण त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं धरून चाललो. ठाऊक होता का? चपला घालून दारात उभा होतो तेव्हा आत, अर्ध्या दारामागं, ती काय ऐकत होती? तिनंही तेच केलं असेल का — निघायला हवं, निघायला हवं, असं घोळवत, हा माणूस जातो म्हणाला की ये म्हणाला... की ती तेव्हाच वळकटी सोडून मोकळी झाली? त्याला काहीच समजेना. पण आजवरचं न समजणं त्याचं एकट्याचं होतं, आणि हे तसं वाटेना. यात दुसरंही कुणीतरी होतं, दाराच्या पलीकडं, तितकंच गोंधळलेलं.

पानवाल्यानं काय पाहिजे म्हणून विचारलं. काही नको, असं सांगून तो पुढं निघाला. धोंडुबाईंच्या खानावळीचं वळण आलं ते त्यानं घेतलं नाही, सरळ चालत राहिला, आणि चालता चालता पुन्हा सुरुवात केली. नंदिनी, माझी बायको. हे शब्द त्यानं मोठ्यानं उच्चारले, अगदी मोठ्यानं नाही, पण शेजारून सायकल हातात धरून चाललेल्या माणसानं वळून पाहिलं. माझी बायको जयसिंगपूरला... आणि पुढं? आहे? आहे म्हणायचा अधिकार कुठून आणायचा? होती? होती कसं, ती काही मेलेली नाही. आहे आणि होती, आहे आणि होती, पावलागणिक एकेक. आणि मग, एका गल्लीच्या तोंडाशी एक टांगा पुढं जाऊ देण्यासाठी थांबलेला असताना, विचार दुसरीकडं गेलेला असताना, तोंडानं वाक्य आपलं आपण पुरं केलं.

माझी बायको जयसिंगपूरला असते.

असते. कुणीही म्हणेल तसं. बदलीच्या गावी राहणारा कारकून म्हणतो, एसटीचा ड्रायव्हर म्हणतो — मंडळी गावाकडं असतात. यात खरं किती, खोटं किती, उद्या हे ऐकून नंदिनीच्या हातातलं काय खाली पडेल, त्यानंतर रविवार राहतील की नाही, याचा उलगडा त्याला झाला नाही, आणि टांगा गेला तरी तो रस्ता ओलांडायचं विसरून उभा राहिला. असते. मग आता, या वेळी, ती काय करीत असते? जयसिंगपूरलाही संध्याकाळ झाली असेल. मास्तर आहेत का अजून? कुणाचा स्वयंपाक करते, एकटीचाच? केस पिकायला लागले असतील का? रात्री दिवा ठेवते का जळत? इतक्या वर्षांत, ती काय म्हणाली होती हे त्यानं हजारदा विचारलं होतं. ती कशी आहे हे विचारल्याचं त्याला आठवेना. तो तसाच उभा होता, आणि प्रश्न एकामागून एक येत होते, साधे, कुणीही कुणालाही विचारावेत असे.